संस्था सोडल्यावर जड काय गेलं?

बालगृहात वाढलोय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडलात, तेव्हा सगळ्यात जड काय गेलं?’ पैशाची ओढाताण होतीच, तिचं वेगळं काय सांगायचं. जड गेलं ते कुणालाही न विचारता काही करणं.

संस्थेत घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर अधीक्षकांची परवानगी. पहिल्या नोकरीत मी ‘पाणी पिऊन येऊ का?’ म्हणून मुकादमाला विचारायचो. तो आधी हसायचा, मग वैतागायला लागला. अख्ख्या पंगतीचा भात मला टाकता यायचा, एकट्यापुरता किती तांदूळ घ्यायचा ते कळेना. दुकानदाराने ‘तूरडाळ किती देऊ?’ म्हटलं आणि मी गप्प. शेवटी माझ्या आधीच्या बाईंनी घेतली तेवढीच मागितली. त्यांचं घर मोठं असावं. माझी डाळ किडे होईपर्यंत पुरली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री अर्नेट यांनी २००० साली मांडलं की १८ ते २५ हा चाचपडण्याचा वेगळाच टप्पा असतो. असेल, पण चाचपडायला पाठीशी घर लागतं. माझ्याबरोबरची पोरं वडिलांशी भांडून नोकरी सोडायची, महिनाभर आईच्या हातचं खाऊन दुसरी शोधायची. मला भांडायलाच कुणी नव्हतं. न पटणारं काम तसंच धरून बसलो आणि लोक म्हणायचे, किती समजूतदार मुलगा!

कायद्यात सोय नाही असं नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात १८ ते २१ वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे, त्याखालच्या नियमांनुसार अपवाद म्हणून ती २३ पर्यंत वाढवता येते. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षणही आहे (प्रमाणपत्र वेळेत हातात पडलं तर). हे सगळं हवंच. पण ते अठरानंतरचं.

माझं म्हणणं त्याआधीचं आहे. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांना दिली. मग पंधरा-सोळाच्या पोराचं खातं उघडा, महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाका आणि त्यातून साबण, तेल, चप्पल त्याची त्याला आणू द्या. एखादा सगळे पैसे वडापावात उडवेल. उडवू द्या. पंचवीस तारखेला साबण संपला की ओरडायला अधीक्षक आहेतच.