रंग बदलतो, म्हणजे खराच ना?

मी रत्नं तपासण्याचं काम करते हे कळलं की बोटातली अंगठी काढत कुणीतरी विचारतंच, "हा अलेक्झांड्राइट आहे. उन्हात वेगळा दिसतो, रात्री वेगळा. म्हणजे खराच ना?" तुम्हीही तेच विचारलंत. रंग बदलणं हा या खड्याचा मोठा गुण आहे, पण तेवढ्यावरून तो खरा ठरत नाही.

चांगला अलेक्झांड्राइट सकाळी खिडकीपाशी धरला तर निळसर झाक असलेला हिरवा दिसतो. तोच रात्री मेणबत्तीजवळ न्या, जांभळट तांबडा होतो. मी कित्येकदा पाहिलंय, तरी चिमट्यातला खडा दिव्याकडे नेताना अजूनही श्वास रोखला जातो. अंगाच्या उबेचा किंवा मनःस्थितीचा यात काही संबंध नाही. करामत आहे त्यातल्या किंचित क्रोमियमची. माणकाला लाल करतं ते क्रोमियम, आणि पाचूला हिरवा करतं तेही बहुधा क्रोमियमच. अलेक्झांड्राइट या दोघांच्या मधोमध उभा आहे. पिवळा प्रकाश तो गिळतो, हिरवा आणि तांबडा साधारण सारखाच सोडतो. मग पारडं कुठे झुकायचं ते उजेड ठरवतो. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग भरपूर असतो, ज्योतीत आणि जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तांबडा.

जातीने हा क्रायसोबेरिल नावाचं खनिज, म्हणजे आपल्या लसण्याचा सख्खा भाऊ. त्याला बेरिलियम लागतं आणि क्रोमियमही, पण ही दोन मूलद्रव्यं सहसा वेगवेगळ्या जातीच्या खडकांत राहतात. त्यांची गाठ पडली, तरी तिथे सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, मुबलक असेल तर पाचू तयार होतो. म्हणून हा खडा इतका दुर्मिळ. १८३० च्या दशकात रशियाच्या उरल पर्वतात, पाचूच्या खाणींतच तो सापडला. पुढे झार झालेल्या युवराज अलेक्झांडरचं नाव त्याला मिळालं. हिरवा आणि तांबडा हे रशियन साम्राज्याच्या लष्कराचेही रंग, त्यामुळे तिथे त्याचं अप्रूप वाढलं. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या हेमातिता इथे सुंदर रंगाचे खडे निघाले. श्रीलंकेतही तो मिळतो. तिथला ६५ कॅरटहून थोडा मोठा पैलूदार खडा अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण असा आकार हा अपवाद, चांगल्या रंगाचे बहुतेक खडे एका कॅरटच्या आतलेच.

एका बाईंनी आईची अंगठी आणली होती. आईने प्रवासात हौसेने घेतलेली. खडा चांगला मोठा, काचेसारखा स्वच्छ, उजेडात करडा-निळसर आणि दिव्याखाली जांभळा. हिरव्याचा मागमूस नाही. भिंगाखाली फिरवत गेले तशा आत बारीक वक्र रेषा दिसल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. तो व्हॅनेडियम हा धातू घालून कारखान्यात बनवलेला कुरुंद होता, म्हणजे माणिक-नीलमाच्या जातीचं खनिज, अलेक्झांड्राइट नव्हेच. असे खडे कित्येक दशकं अलेक्झांड्राइटच्या नावाने विकले गेलेत आणि घराघरांतल्या डब्यांत जपून ठेवलेत. बाईंना ते सांगताना मला खरंच वाईट वाटलं. आईला कुणी फसवलं होतं, आणि आईने तर ती अंगठी जन्मभर जपली होती.

दुसरा प्रकार याहून अवघड. प्रयोगशाळेत वाढवलेला अलेक्झांड्राइट १९७० च्या दशकापासून बाजारात आहे. त्याची घडण अस्सल खड्याचीच, रंगही झकास बदलतो. तो काही वाईट नाही, फक्त तसं सांगून विकला पाहिजे. निसर्गातला कुठला आणि वाढवलेला कुठला, हे नुसत्या डोळ्यांनी मीही सांगणार नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि उपकरणं लागतात. म्हणून मोठी रक्कम मोजणार असाल तर चांगल्या प्रयोगशाळेचा दाखला मागा, आणि त्यात "नैसर्गिक" हा शब्द आहे का ते बघा.

दागिन्यासाठी मात्र हा खडा गुणी आहे. कठीणपणा मोह्‌स मापनावर दहापैकी साडेआठ, पाचूपेक्षा जास्त, त्यामुळे रोजच्या अंगठीतही चालतो. मी तरी कोंदण साधं आणि वरून मोकळं ठेवायला सांगते, कारण त्याला उजेड मिळाला पाहिजे. पैलू पाडणाऱ्याची कसोटी त्याआधीच लागते. तीन वेगवेगळ्या दिशांनी पाहिलं तर हा खडा हिरवा, नारिंगी आणि जांभळट तांबडा असे तीन रंग दाखवतो. रंगबदल समोरून उठून दिसावा म्हणून कारागिराला कधीकधी बराच खडा घासून घालवावा लागतो. छोटा पण ठसठशीत रंग बदलणारा खडा मी मोठ्या, मळकट खड्याच्या वर ठेवते.

आणि घ्यायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली रंगबदल नीट कळत नाही. खडा आधी दारापाशी नेऊन बघा, मग पिवळा बल्ब किंवा मेणबत्ती मागा. मेणबत्ती मागायला लाजू नका.