वाण्याची वही आणि मार्च महिना

बँकेत 29 वर्षं काढली, त्यातली बरीचशी परळच्या शाखेत. तिथे एक बाई दर महिन्याला येऊन पाचशे रुपये भरायची आणि पासबुक माझ्याकडेच ठेवून जायची. “घरी सापडलं तर हात मोडेल माझा,” असं एकदा म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तशी. नियमात बसत नसतानाही ते पासबुक मी ड्रॉवरमध्ये ठेवत गेले. निवृत्तीनंतर ओळखीतल्या ताईंनी विचारलं, “काकू, आमच्या निवारागृहाचे हिशेब बघाल का?” मला आधी ती बाईच आठवली.

निवारागृह उपनगरात आहे. नेमकं कुठे ते सांगत नाही, कारण तिथल्या बायकांचे नवरे पत्ता शोधतच असतात. कुणी 181 वर फोन करून येते, कुणी पोलिसांकडच्या महिला व मुलांच्या विशेष कक्षातून, कुणी महापालिकेच्या रुग्णालयातल्या ‘दिलासा’ केंद्रातून. दिलासा पहिल्यांदा वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. ‘जिन्यावरून पडले’ सांगत बायका जिथे केसपेपर काढतात, तिथेच कुणीतरी त्यांना नीट विचारावं म्हणून. अशा बायकांना तातडीची मदत देणाऱ्या सरकारी ‘सखी’ केंद्रात तात्पुरतं राहता येतं, पण ते साधारण पाच दिवस. सहाव्या दिवशी कुठे जायचं, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आमच्यासारखी घरं.

आणि ती चालतात अनुदानावर. पूर्वी आमचं स्वाधारगृह होतं. केंद्र सरकारची महिलांसाठीची ‘मिशन शक्ती’ योजना आल्यावर स्वाधार आणि तस्करीतून सुटलेल्या बायकांसाठीची उज्ज्वला मिळून शक्ती सदन झालं. केंद्र सरकारचे 60 टक्के, राज्याचे 40. ऐकायला सोपं आहे. माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की योजनेचं नाव बदललं आणि कागद पहिल्यापासून.

धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी दाखला, संस्थेची घटना, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट, विश्वस्तांचे पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी, अनुदानासाठी वेगळं खातं आणि ते सरकारी पैशांचा माग ठेवणाऱ्या पीएफएमएस प्रणालीला जोडलेलं. माझ्यासारखीला हे कठीण वाटायला नको होतं. पण बँक खात्यात संस्थेच्या नावातलं ‘मंडळ’ एक एल लावून लिहिलेलं आणि पॅनवर दोन. या एका एलपायी सात आठवडे गेले. मी स्वतः काऊंटरवर बसून किती लोकांना ‘नाव जुळत नाही, परत या’ म्हणून पाठवलं असेल, ते तेव्हा आठवत होतं.

मग फाईलचा प्रवास. आधी जिल्ह्याचं कार्यालय, मग पुण्याचं महिला व बाल विकास आयुक्तालय, मग मंत्रालय. फोनवर ‘फाईल वर गेलीय’ एवढंच कळायचं, म्हणून दोनदा पहाटेची इंद्रायणी पकडून पुण्याला जाऊन आले. तिथे एक गोष्ट शिकले. ‘काय झालं’ असं विचारायचं नाही. आवक क्रमांक आणि तारीख कागदावर लिहून न्यायची आणि तो कागद नुसता पुढे करायचा. माणसं वाईट नव्हती. एका टेबलावर चार माणसांचं काम होतं.

खरी गंमत पहिला हप्ता आल्यावर. तो आला 31 मार्चला, दुपारी. मागचे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि मागचे पैसे आलेत वर्षाच्या शेवटच्या दिवशी. अर्ध्या दिवसात ते खर्च कसे करायचे? सीएने सांगितलं, अखर्चित शिल्लक म्हणून दाखवा आणि पुढच्या वर्षी वापरायची परवानगी मागा. म्हणजे आणखी एक पत्र, आणखी एक आवक क्रमांक. वर्षभर स्वयंपाकाच्या मावशी अर्ध्या पगारावर होत्या आणि समुपदेशक मुलगी पगाराशिवाय, वडिलांकडून लोकलच्या पासाचे पैसे घेऊन येत होती. कागदावर मात्र आमच्याकडे पैसा ‘शिल्लक’.

आता रिक्षाची गोष्ट. डिसेंबरात रात्री एक वाजता एक बाई आली, कडेवर मूल, पायात चप्पल नाही. भाडं 140 रुपये झालेलं. अधीक्षिकांनी पेटीतून दिले. सकाळी मी व्हाउचर मागितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मुंबईत रात्री एक वाजता रिक्षावाल्याकडे पावती मागणारी जगात मीच एक असेन. जेवण, कपडे, औषधं, सगळ्यांना लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबात ठरलेला रकाना आहे. पण घरातून निसटलेल्या बाईला पहिल्यांदा लागतं ते भाडं आणि मोबाईलचं रिचार्ज, त्याला कुठे बसवायचं ते ठरेना. शेवटी किरकोळ खर्चात टाकलं, अधीक्षिकांची सही घेऊन.

पण घाम फोडला तो तपासणीने. आलेल्या साहेबांनी हजेरीपट बघितला आणि सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स फाईलला लावून द्या म्हणाले. त्यांचंही खरं होतं. खोट्या नावांवर अनुदान लाटलेल्या संस्था त्यांनी पाहिल्या असणार, आणि उद्या ऑडिटने धरलं तर अडकणार तेच. मात्र ती फाईल पुढे किती टेबलांवरून फिरणार, हे मी स्वतः जाऊन पाहिलं होतं. एका बाईचा दीर सरकारी नोकरीत होता. तिने ऐकल्याबरोबर पिशवी भरायला घेतली.

रात्री बसून घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा आणि त्याचे 2006 चे नियम वाचले. कायद्याच्या कलम 6 प्रमाणे पीडित बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागितला तर निवारागृहाने आसरा द्यायचाच आहे. नियम 16 म्हणतो, घरगुती हिंसाचाराचा अहवाल आधी नोंदवला नाही म्हणून नाकारता येणार नाही, आणि तिची इच्छा असेल तर तिची ओळख उघड करायची नाही. हेच पत्रात लिहिलं. फाईलमध्ये प्रत्येकीला क्रमांक, मूळ नोंदवही कुलपात, साहेबांनी कधीही येऊन स्वतः पडताळावी. बँकेतल्या लॉकरची पद्धत, दुसरं काय. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. “असं आधी कुणी लिहून दिलं नव्हतं,” म्हणाले आणि वरून मार्गदर्शन मागवतो म्हणून घेऊन गेले. मार्गदर्शन आजतागायत आलेलं नाही, झेरॉक्सही परत कुणी मागितल्या नाहीत. पिशवी भरणारी बाई राहिली.

शिल्लक वापरायची परवानगी जुलैत आली. त्याच संध्याकाळी मी वाण्याकडे गेले. अकरा महिन्यांचा तांदूळ, डाळ, तेल आणि लहान मुलांची बिस्किटं उधारीवर होती. कोपऱ्यावरच्या या माणसाने एकदाही ‘आज नाही’ म्हटलं नव्हतं. आता तो आमचं आर्थिक वर्ष माझ्याइतकंच ओळखतो. चेक गल्ल्यात ठेवला, लाल वहीतलं आमचं पान आडवी रेघ मारून बंद केलं, आणि लगेच पुढचं उघडून वर निवारागृहाचं नाव घातलं.

“पाच किलो साखर आत्ताच नेता का काकू?” त्याने विचारलं. “मार्चला बघू पैशाचं.”