तू कशात बदलतोस?

रविवार, रात्री उशिरा

ट्रान्सफॉर्मर्स (गाड्या-यंत्रांत बदलणारे रोबो) म्हटलं की लोकांना ते पिक्चर आठवतात, नुसता खणखणाट, कोण कोणाला हाणतंय काही कळत नाही. कॉमिक वाचतेय म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर "वय काय तुझं?" असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. असो. आयडीडब्ल्यू या प्रकाशनाची 'मोअर दॅन मीट्स द आय' ही ट्रान्सफॉर्मर्सची कॉमिक मालिका परत पहिल्यापासून वाचायला घेतलीय (2012 ला सुरू झाली, लेखक जेम्स रॉबर्ट्स, चित्रं बरीचशी अ‍ॅलेक्स मिल्नची) आणि यावेळी गोष्टीपेक्षा ते जगच जास्त डोक्यात घोळतंय.

मुळात हा सगळा खेळण्यांचा धंदा. 1984 मध्ये हॅस्ब्रोने जपानच्या ताकाराच्या दोन वेगवेगळ्या लाइनमधली खेळणी उचलून एकत्र केली आणि त्यांना नावं-स्वभाव द्यायचं काम मार्व्हलकडे दिलं. म्हणजे रोबोचा ट्रक का होतो? खेळणं तसं आहे म्हणून, विषय संपला. रॉबर्ट्सने नेमकं तेच पकडलं. तू ट्रक होतोस ना, मग तू ओझीच वाहायची. मायक्रोस्कोप होतोस, जा लॅबमध्ये. दुसरं काही करायची इच्छा झाली तर तो गुन्हा. याला तिथे फंक्शनिझम म्हणतात, त्याची रीतसर कौन्सिल आहे, आणि शिवाय आपोआप जन्मलेले ते वरचे, कारखान्यात बनवलेले ते खालचे, असली उतरंड वेगळीच. जन्मावरून काम आणि वर त्याला देवाधर्माचा शिक्का, आपल्याकडच्या वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, थेट पोटात गोळा येतो. आणि मेगाट्रॉन, ज्याला आपण लहानपणापासून व्हिलन म्हणून ओळखतो, तो आधी खाणीत राबणारा कामगार, लिहायचा, आणि जे लिहायचा ते बरोबर होतं. पुढे त्याने जे केलं ते भयंकरच, पण सुरुवातीचा मुद्दा त्यामुळे खोटा पडत नाही, आणि कॉमिक तुम्हाला त्या पेचातून सोडवतही नाही.

व्हर्लचंच घ्या. हेलिकॉप्टर होणारा, पण त्याला घड्याळं बनवायची होती, बनवतही होता. राज्यकर्त्यांना नडला तर शिक्षा म्हणून त्याचं डोकं आणि हात काढून घेतले, चेहऱ्याच्या जागी एक डोळा, हातांच्या जागी चिमटे. घड्याळवाल्याचे हात! हे कळल्यावर त्याचा तो वेडसर, मारकुटा विनोद वेगळाच ऐकू यायला लागतो.

म्हणून मला वाटतं की या कॉमिकमधली विविधता चिकटवलेली वाटत नाही. चाळीस लाख वर्षांचं युद्ध संपलंय, एका अंतराळजहाजावर हे सगळे उरलेसुरले निघालेत, कोणी बार चालवतोय, कोणी मानसोपचार करतोय आणि त्या बिचाऱ्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, कोणी खड्ड्यात पडल्यामुळे अख्खं युद्धच चुकवून बसलाय (टेलगेट माझा लाडका). प्रत्येकाचा विक्षिप्तपणा खणून बघितला तर खाली तीच व्यवस्था सापडते.

रिवाइंड होतो मेमरी स्टिक, म्हणजे तिथल्या हिशेबाने वापरा आणि फेका वर्गातला. डोक्याला कॅमेरा, सगळं रेकॉर्ड करत फिरतो. आणि त्याचा जोडीदार क्रोमडोम, ज्याच्या बोटांतून सुया निघतात आणि तो दुसऱ्यांच्या आठवणी वाचतो, पुसतो. एक सगळं साठवणारा आणि एक पुसणारा, जोडी काय जमवलीय बघा. सोळाव्या इश्यूत रिवाइंड गेल्यावर हा सुया स्वतःच्याच मानेकडे नेतो, आणि तेव्हा कळतं की याआधीचे जोडीदारही त्याने असेच पुसलेत आणि त्याला ते आठवतसुद्धा नाही. मग तो रिवाइंडने मागे ठेवलेला मेसेज बघतो. आज परत रडू आलं, रोबोंसाठी, हो. आणि दोघंही 'तो' आहेत याचा कोणी गाजावाजा करत नाही, आजूबाजूचे त्यांना नवराबायकोसारखेच धरून चालतात, हे मला फार आवडलं.

एक मात्र खटकतं. बायका कुठेत? 2008 मध्ये याच मालिकाविश्वात आर्सी या बाई-रोबोचं स्पष्टीकरण दिलं होतं की कोणीतरी प्रयोग करून तिला बाई बनवली, म्हणजे पुरुष हे नॉर्मल आणि बाई हा अपघात, काय बोलणार यावर. हॅस्ब्रोने 2013 मध्ये फॅन्सची मतं घेऊन विंडब्लेड ही नवी बाई-रोबो बनवली, 2014 मध्ये तिचं स्वतंत्र कॉमिक आलं, लेखिका आणि चित्रकार दोघी बायका, आणि मग दूरच्या वसाहतींवर बायका आधीपासून होत्याच असं ठरलं. जुगाडच आहे हा. एवढं बारीक विणलेलं जग आणि इथे सरळ ठिगळ दिसतं. पण त्या ठिगळातून नॉटिका जहाजावर आली, इंजिनवाली, बडबडी, पुस्तकी, आणि आली तशी मैत्री करत सुटली, ती तिथे नसती तर या कॉमिकचा सीझन दोन, म्हणजे दुसरा टप्पा, मला एवढा आवडला नसता, त्यामुळे मी तक्रार अर्धीच करते.