तुम्ही विचारलंत म्हणून: माशांच्या जेवणाला कुठली वाइन?

"शनिवारी सहा जण जेवायला आहोत. सुरमई तळणार, तिसऱ्यांचं सुकं, खेकड्याचा रस्सा आणि भात. वाइन कुठली आणू?" मेनू थोडाफार बदलतो, प्रश्न हाच असतो. त्यापाठोपाठ "माशाबरोबर पांढरी, एवढं माहीत आहे" हेही येतं. चुकीचं नाही ते, पण लोणी-लिंबावर शिजलेल्या माशापुरतंच पुरतं. आपल्याकडे मासा कुठला यापेक्षा त्याला लावलंय काय, ते आधी बघायचं. बांगडा नुसता रव्यात तळलात तर त्याला वाइन सापडते. त्याचंच तिरफळ घालून कालवण केलंत तर नाही सापडत. तिरफळाने जीभ बधिर झाल्यावर महागातली काय आणि स्वस्तातली काय, सगळी सारखीच.

तिखट जिभेवर असताना अल्कोहोल आणखी झोंबतं. म्हणून लेबलवर 14 टक्के दिसले तर बाटली परत ठेवा, 12 च्या आसपासची घ्या. वाइनमधली किंचित गोडी मात्र तिखट थोपवते. आंबटाचा हिशेब वेगळा: पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन मिळमिळीत लागते. सढळ हाताने आगळ घातलेल्या कालवणापुढे शार्दोनेसारखी भलीभली पांढरी वाइन पाणी वाटते.

रेड वाइनचा घोटाळा निराळाच. मासा खाऊन घोट घेतला की तोंडात धातूसारखी, शिळ्या माशासारखी चव येते आणि बिचाऱ्या कोळणीवर आळ जातो. जपानी संशोधकांनी 2009 साली दाखवलं की यामागे वाइनमधलं लोह असतं. ते जास्त, तर हा वास जास्त. शिवाय तुरटपणा तिखटाला चढवतो तो वेगळाच. कोणी रेडच हवी म्हणून अडून बसलं तर हलकी, कमी तुरट घ्या, अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा आणि खोबऱ्याच्या वाटणातल्या कोलंबीबरोबर द्या. शिराझ किंवा कॅबर्नेसारखी तुरट रेड मटणाच्या दिवशी. गोव्याहून आणलेली गोड पोर्ट माशाबरोबर नकोच.

आता तुमचा मेनू. तळलेल्या सुरमईला ब्रूट, म्हणजे कोरडी (गोड नसलेली) स्पार्कलिंग, बुडबुड्यांची वाइन. तेलकटपणा कापायला बुडबुडे आणि आंबटपणा, दोन्ही लागतात. सुला किंवा शाँदाँ, दोन्ही कंपन्यांची ब्रूट चालते. मात्र मसाला आवरा: किलोभर तुकड्यांना एरवी चार चमचे तिखट लावत असाल तर दोनच लावा, तेही काश्मिरी. हळद, मीठ, आलं-लसूण नेहमीसारखं. वरून लिंबू पिळू नका, फोडी बाजूला ठेवा. ज्याला हवं तो पिळेल. बोंबील, मांदेली असतील तरी हीच बाटली.

तिसऱ्यांच्या सुक्याला सोविन्यों ब्लां ही पांढरी वाइन. नाशिकच्या सोविन्यों ब्लांला हिरव्या ढोबळी मिरचीसारखा एक वास असतो, तो ओलं खोबरं आणि कोथिंबिरीशी छान जमतो. सुक्यात दोन आमसुलं पुरेत, चार घातलीत तर वाइन हरली. खेकड्याचं मांस मुळात गोड, आणि रस्सा तिखट. इथे किंचित गोडी असलेली शेनिन ब्लां, हीसुद्धा पांढरीच, चांगली गार. सुलाची शेनिन तशी आहे आणि सहज मिळते. पण रस्सा अस्सल मालवणी, डोळ्यांत पाणी आणणारा करणार असाल तर वाइनचा आग्रह सोडा. तळलेलं आणि सुकं संपेपर्यंत वाइन, भात वाढला की सोलकढी. आमच्या मते हाच क्रम सर्वात चांगला. त्यात कमीपणा काही नाही.

बाटली घेताना द्राक्षांच्या तोडणीचं वर्ष बघा. आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे चालू वर्षाची पांढरी वाइन त्याच वर्षी दुकानात येते. सर्वात ताजं वर्ष उचला. या वाइन्स साठवायच्या नव्हेत. शोकेसमध्ये उन्हात उभी केलेली बाटली नको. बूच वर सरकलेलं किंवा आवरण चिकट दिसलं तर ती उकाड्यात शिजलेली आहे. आणि शनिवारी ड्राय डे नाही ना, हे गुरुवारीच बघून ठेवा.

गार करण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. फ्रीजमध्ये तीन तास लागतात. पाहुणे दारात असतील तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. 20 मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली सगळीकडून टेकत नाही, म्हणून पाणी हवंच. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर स्पार्कलिंगची बाटली फुटू शकते. स्पार्कलिंग 6 ते 8 अंशांवर, बाकी दोन 8 ते 10 वर. आपल्या हवेत ग्लासातली वाइन दहा मिनिटांत कोमट होते, तेव्हा एका वेळी 100 मिलीच ओता. बर्फाचे खडे मात्र बादलीतच राहू द्या.

स्पार्कलिंग उघडताना तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी, तोंड भिंतीकडे, आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. फट्ट आवाज काढायचा मोह झाला तर निम्मा फेस टेबलक्लॉथ पिईल. नीट गार नसलेली बाटली तर हमखास उसळते.

प्रमाण: 750 मिलीच्या बाटलीत 100 मिलीचे सात ग्लास. सहा जणांना एक स्पार्कलिंग, एक सोविन्यों, एक शेनिन, म्हणजे माणशी अर्धी बाटली. चौथी बाटली, शेनिनचीच, राखीव ठेवा, न उघडता. गाडी चालवणाऱ्याला पहिल्यापासून सोलकढी.

उरलेली पांढरी वाइन झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. स्पार्कलिंग त्याच रात्री संपवा. सोविन्यों अर्धा कप उरली असेल तर दुसऱ्या दिवशी अर्धा किलो तिसऱ्या आणा. तेलावर सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची, त्यावर धुतलेल्या तिसऱ्या, वाइन ओतून झाकण. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतात. न उघडलेले टाकून द्या. मीठ चव बघूनच घाला, तिसऱ्यांचं पाणी मुळात खारट असतं. रस पुसून खायला पाव आणायला विसरू नका.