पंख पाठीला नाही, हाताला लावा (फुलपाखराचा ड्रेस, बायकांसाठी, घरच्या घरी)

तर झालं असं की यंदा आमच्या कॉलनीत भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे कोजागिरीला, सगळ्या बायकांनी काहीतरी वेश करून यायचं ठरलं. दरवर्षी पोरीच नटतात आणि आम्ही मसाला दूध आटवत बसतो. कोणीतरी म्हणालं फुलपाखरू होऊ, सोप्पं आहे, पंख लावले की झालं. हे "पंख लावले की झालं" म्हणणारी बाई नंतर शिवायला एकदाही आली नाही ही गोष्ट वेगळी.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते, भाद्रपद पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई आणि भुलोजी (म्हणजे पार्वती आणि शंकर) मातीचे बसतात, मग महिनाभर रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायची, डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं, आणि कोजागिरीला समारोप. टिपऱ्यांचं मुद्दाम सांगितलं कारण आमच्या पहिल्या पंखांची वाट टिपऱ्यांनीच लावली.

आधी मी बाजारात गेली. फुले मार्केट पालथं घातलं. पंख मिळतात हो, पण सगळे पाच-सात वर्षांच्या पोरींच्या मापाचे, त्याचं इलास्टिक माझ्या दंडाला ब्लडप्रेशरच्या पट्ट्यासारखं बसलं. दुकानदार म्हणे ताई मोठ्यांसाठी कोणी मागतच नाही. आणि डिझाईन सगळीकडे एकच, नारिंगी-काळं मोनार्क, जे फुलपाखरू अमेरिकेकडचं, आपल्या देशात नाहीच. आपल्या शेताच्या बांधावर रुईवर इतकी फुलपाखरं भिरभिरतात आणि आपण अमेरिकेचं घालून नाचायचं, हे मला काही पटेना. मग ठरवलं, घरीच करू.

पहिला प्रयोग तारेचा. व्हिडिओत सगळे तेच दाखवतात, तारेचा सांगाडा वाकवायचा, त्यावर नायलॉनचं कापड ताणायचं, पाठीला दप्तरासारखे बंद. मी पण केलं, चार दिवस खपून केलं आणि दिसत पण होतं झकास. पण ते घालून खुर्चीवर बसता येईना, रिक्षात शिरता येईना, दारातून आडवं जावं लागे खेकड्यासारखं, आणि पहिल्याच टिपरीच्या फेरीत मागच्या वहिनीची टिपरी माझ्या पंखात घुसली ती कापड फाडूनच बाहेर आली. वर तार वाकली की ती वाकलीच, परत सरळ करा तर कायम पोचा आल्यासारखी दिसते. लहान पोरगी स्टेजवर दोन मिनिटं उभी राहते तिला हे चालतं. बाईला त्या पंखात बसायचंय, वाकायचंय, दुधाचा पेला द्यायचाय, फुगडी घालायचीये आणि मधेच घरी जाऊन गॅस बंद केला का ते बघून यायचंय.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, पंख पाठीवर उभे करायचेच नाहीत, मानेमागून दोन्ही हातांवर सोडायचे. हात खाली असले की शालीसारखे पडतात, हात पसरले की उघडतात. आणि फुगडी घातली ना की हवेने जे फुलतात ते बघून मी स्वतःच चक्रावली, तारेला ते जन्मात जमलं नसतं.

आता माप. हात आडवे पसरून एका मनगटापासून मानेमागून दुसऱ्या मनगटापर्यंत मोजायचं, दुसऱ्या कोणाला तरी मोजायला लावा, स्वतःचं स्वतः मोजता येत नाही. माझं 49 इंच आलं. त्यात दोन्हीकडे 6-6 इंच वाढवले कारण पंखाचं टोक हाताच्या पुढे गेलं तरच पंख वाटतो नाहीतर पोंचो वाटतो. झाले 61. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे साधारण 216 इंच, तर एका साडीत तिघींचे पंख बसतात आणि वर अडीच-पावणेतीन फूट तुकडा उरतो तो रंग ट्राय करायला. उंची साडीच्या पन्ह्याइतकीच ठेवायची, 44 इंच असतो साधारण, मानेपासून गुडघ्याच्या खाली जातो. फार उंच बाईला थोडा वर बसेल, बसू दे.

साडी कोणती? जुनी शिफॉन नाहीतर जॉर्जेट, प्लेन. कॉटनची घेऊ नका, ती पडते पण उडत नाही. कपाटात अशा साड्या असतातच, कुठल्यातरी लग्नात आहेरात आलेल्या, ज्या आपण नेसत पण नाही आणि पुढे कोणाला देत पण नाही. रंग निवडताना एक गोष्ट मला उशिरा कळली, फुलपाखरात जो सगळ्यात फिका रंग आहे ती साडी घ्यायची आणि गडद रंग वरून द्यायचा. मी आधी काळी साडी घेऊन तिच्यावर निळा द्यायला गेली, दोन बाटल्या संपल्या तरी निळा दिसेचना. निळी साडी घेऊन वर काळा दिला, एका तासात काम झालं.

कापायच्या आधी पेपरचा साचा करा, रद्दीचे सहा-सात पेपर चिकटवून. कापड मधोमध दुमडून साचा अर्ध्यावरच ठेवायचा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. आणि इथे फुलपाखरू नीट बघा, त्याला पंख चार असतात, दोन नाही. पुढचा तिकोनी, मागचा गोलसर. त्यामुळे वर हाताच्या टोकाला कोन, मग कडा खाली उतरत कमरेच्या रेषेत सातेक इंच आत खाच, आणि खाचेखाली गोल वळण घेत गुडघ्यापर्यंत. ती खाच नसेल ना तर सगळी मेहनत वाया, बाई वटवाघूळ दिसते. आमच्यातल्या एकीने खाच काढली नाही, मग तिला रात्रभर सगळ्या बॅटमॅन म्हणत होत्या.

शिफॉनच्या कडेचे दोरे निघतात. पिको करायला टाकलं तर टेलर मावशी म्हणाल्या नवरात्र-दिवाळीत मी हे गोल गोल काम घेत नाही बाई. मग उदबत्ती पेटवून कडेवरून हलकेच फिरवली, सिंथेटिक कापड असेल तर कड वितळून बंद होते. खिडकी उघडी ठेवा, वास घाण येतो, आणि आधी तुकड्यावर करून बघा, माझ्या हातून एका जागी चांगलं बोरभर भोक पडलंय. त्याच्यावर नंतर ठिपका रंगवला.

रंगवायचं काम मात्र मजेचं. गच्चीवर जुनी गादी टाकून तिच्यावर पेपर आणि त्याच्यावर कापड टाचण्यांनी ताणून बसवलं, कारण जॉर्जेट सरकतं फार. फॅब्रिक कलरमध्ये पाणी अजिबात ओतू नका, ते कापडात असं पसरतं की काठ राहतच नाही. भांडी घासायच्या नव्या स्पंजाचे तुकडे करून टिपत टिपत काळी किनार दिली, दोन बोटं जाड. शिरा काढायला ब्रश कोणालाच जमेना, हात थरथरतो. तेव्हा आमच्या जाऊबाईंना सुचलं, मेंदीचा कोन! प्लास्टिकचा कोन करून त्यात काळा रंग भरला आणि ज्या बायका म्हणत होत्या आम्हाला ड्रॉइंग येत नाही त्यांनीच इतक्या सरसर शिरा ओढल्या की विचारू नका, आयुष्यभर मेंदी काढलेले हात ते. पांढरे ठिपके पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने. पूर्ण एक दिवस सुकू द्यायचं आणि मग उलट्या बाजूने कमी गरम इस्त्री, मधे सुती फडकं ठेवून. इस्त्री जास्त तापली तर जॉर्जेट तिला चिकटतं आणि मग नवऱ्याचा शर्ट पण जातो.

नमुने कुठले घेतले ते सांगते कारण माझा जीव खरं तर यातच अडकला होता. आमच्या शेतात लिंबाची झाडं आहेत, त्यामुळे पहिलं लिंबाचंच फुलपाखरू. पिवळट साडीवर काळं, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. याची अळी लहानपणी हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होऊन लिंबाची कोवळी पानं फस्त करते, म्हणून सासरे फुलपाखराचं नाव काढलं तरी चिडतात. त्यांना सांगितलं नाही कुठलं रंगवतेय ते. दोघींनी राणी पाकोळी केली, ब्लू मॉरमॉन म्हणतात ते, 2015 मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं तेच. सह्याद्रीतलं हे. मी आमच्याकडे कधी पाहिलं नाही, कोकणात बहिणीकडे पाहिलं आणि आधी मला पक्षीच वाटला एवढं मोठं. लिंबाच्या फुलपाखराला शेपटी नसते तशी यालाही नसते, त्यामुळे कापायला सोपं.

आणि माझ्या स्वतःसाठी मी जे केलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. रुईवर दिसतं ते नारिंगी, प्लेन टायगर. त्याची अळी रुई खाते, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पाखरं त्याला तोंड लावत नाहीत. आता दुसरं एक आहे डॅनाईड एगफ्लाय, त्याचा नर मखमली काळा आणि त्यावर मोठे पांढरे डाग. पण मादी? मादी नारिंगी! अगदी प्लेन टायगरसारखी, म्हणजे पाखरांना वाटावं हिच्यात पण विष आहे. विषबिष काही नाही, नुसता वेश केलाय बाईने. ओळखायचं कसं, तर प्लेन टायगरच्या मागच्या पंखात मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, हिच्यात ते नसतात. तर मी ती मादी झाली. सगळ्या म्हणत होत्या तू ठिपके विसरली, आणि मी प्रत्येकीला उभं करून ही गोष्ट सांगत होती, शेवटी शेवटी बायका मला बघून रस्ता बदलायला लागल्या.

बसवायचं कसं ते राहिलं. गळ्यात नाडी बांधायची नाही, फुगडीत मागून कापड ओढलं गेलं की गळा आवळतो. ब्लाऊजच्या किंवा कुर्त्याच्या दोन्ही खांद्यांच्या शिवणीवर आतून मोठ्या सेफ्टीपिना. हाताला बोटातली रिंग सगळे सांगतात, पण बोटात रिंग असली की टिपरी धरता येत नाही, म्हणून मनगटाला रुंद इलास्टिकचं कडं. बांगड्यांच्या वर सरकवायचं, खाली घातलं तर अडकतं. टोक लोंबतं असं वाटलं तर मोडक्या छत्रीची काडी कापून टोकाशी नेफ्यात घाला, पण टिपऱ्या खेळायच्या असतील तर नको, शेजारणीच्या डोळ्याचं बघा. आतून काळा कुर्ता-लेगिंग सगळ्यात बरं. ज्यांना साडीच हवी त्यांनी पदर कमरेला खोचायचा, नाहीतर पदर आणि पंख यांची भांडणं होतात.

डोक्यावरच्या मिशा हेअरबँडला पातळ तार गुंडाळून केल्या, टोकाला लोकरीचा छोटा गोळा. तो गोळा हवाच, फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाच्या मिशीला तशी नसते.

एक मात्र नीट ऐका. हे कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. आम्ही गच्चीवर शेगडी लावून दूध आटवत होतो, तर नियम केला की शेगडीजवळ जाणारीने पंख काढायचे. त्यामुळे पहिल्यांदाच असं झालं की दूध ढवळायला एक पण बाई जाईना आणि दोन काका मंडळींना उभं राहावं लागलं. दूध खाली लागलं थोडं. प्यायलो तसंच.

खर्च म्हणाल तर अकरा जणींचा मिळून, रंग, इलास्टिक, हेअरबँड धरून, दोन हजारांच्या आत. साड्या घरच्याच.

सासूबाई आधी पंधरा दिवस बडबडत होत्या, "काय वं माय, या वयमा पंख लावी ऱ्हायनी का?" आणि कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुपारी हळूच माझ्याजवळ येऊन, "माले बी एक जोडी शिवी दे." मग रात्री बारापर्यंत बसून त्यांचे केले, त्यांच्याच एका पिस्ता रंगाच्या साडीचे. आता असं कुठलं फुलपाखरू आहे मला माहीत नाही, पण रंग त्यांनी सांगितला. गुडघे दुखतात म्हणून त्या खुर्चीवर बसल्या, पंख मांडीवर घडी करून, आणि खाऊ ओळखायच्या वेळी एकेक हात वर करून पंख उघडत होत्या. पहिल्या फटक्यात ओळखला, शेंगदाण्याचे लाडू.

बाकीच्यांचे पंख धुवून उशीच्या अभ्र्यात घालून ठेवलेत पुढच्या वर्षासाठी. सासूबाईंनी त्यांचे परत दिलेच नाहीत. सकाळी दूध घ्यायला जाताना अंगावर घेऊन जातात, थंडी सुरू झालीये ना. काल मला म्हणे, "ती खाच शिवी टाक, वारा लागस."