हिरव्या चौकोनाची जाहिरात

बेनेटन या इटालियन कंपनीने 1992 साली कपडे विकण्यासाठी मरणासन्न माणसाचे छायाचित्र वापरले. एड्सने खंगलेला डेव्हिड किर्बी, त्याच्या डोक्याला कवटाळून रडणारे वडील, आणि कोपऱ्यात कंपनीचे नाव असलेला छोटा हिरवा चौकोन. कपड्याचा मात्र मागमूसही नाही. थेरेस फ्रेअर हिने टिपलेले हे कृष्णधवल छायाचित्र 1990 मध्ये ‘लाइफ’ मासिकात आले तेव्हा हळहळ व्यक्त झाली. तेच रंगवून जाहिरातीत येताच गदारोळ उठला. रंग भरल्याने ते ख्रिस्ताच्या धार्मिक चित्रासारखे दिसू लागले, हेही अनेकांना खटकले.

दुःखाचा बाजार मांडला, हा आक्षेप मला पटतो, पण पुरता नाही, कारण किर्बीच्या आईवडिलांनी स्वतः संमती दिली होती, आणि एड्सबद्दल बोलणेच टाळले जात असताना मुलाचा चेहरा जगभर पोहोचावा, ही त्यांची इच्छा कंपनीच्या नफ्यापेक्षा मला वजनदार वाटते.

2000 सालच्या मोहिमेबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. अमेरिकेतील फाशीच्या कैद्यांची छायाचित्रे झळकवताना त्या कैद्यांनी ज्यांचा जीव घेतला त्यांच्या कुटुंबीयांना कोणी विचारलेसुद्धा नव्हते. सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने बेनेटनचे कपडे विकणे थांबवले, आणि या मोहिमांमागचे छायाचित्रकार ऑलिव्हिएरो तोस्कानी त्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडले.