तुम्ही विचारलंत म्हणून: ओव्हन घरी उघडावा का?

"दिवा लागतो, पंखाही फिरतो, पण ओव्हन तापत नाही. घरच्या घरी दुरुस्त होईल का?" हा प्रश्न थोड्याफार फरकाने नेहमी येतो. बहुतेक वेळा होतो. फक्त आधी मोजा आणि मग पार्ट मागवा. लोक नेमकं उलटं करतात: नवा एलिमेंट (ओव्हन तापवणारी नळी) आणून बसवतात आणि ओव्हन थंड तो थंडच.

हे सगळं साध्या इलेक्ट्रिक ओव्हनबद्दल आहे. मायक्रोवेव्हला हात लावू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो.

पेचकस हातात घेण्याआधी टायमर बघा. तो शून्यावर असेल तर बऱ्याच ओव्हनमध्ये हीटरला वीजच जात नाही. डिजिटल ओव्हनमध्ये वीज जाऊन आल्यावर घड्याळ लावलं नाही तर काही मॉडेल तापायलाच नकार देतात. हे ऐकून लोक हसतात, पण मागचं कव्हर उघडून झाल्यावर हे लक्षात आलं तर हसू येत नाही.

आता प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. भिंतीत बसवलेला ओव्हन थेट वायरने जोडलेला असेल तर त्याचा ब्रेकर पाडा आणि टेस्टरने खात्री करा. ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या, कव्हर काढा आणि एकही वायर हलवण्याआधी फोटो घ्या.

पहिली नजर एलिमेंटच्या टोकांना लावलेल्या लगवर, म्हणजे वायर जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, टाका. लग काळवंडलेला, सैल किंवा शेजारची वायर कडक होऊन तडकलेली असेल तर दोष बहुधा तिथेच सापडतो. 2000 वॉटचा एलिमेंट 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर ओढतो. सैल जोडात अर्धा ओहम रोध तयार झाला, तर त्या एका टोकाशी जवळजवळ 38 वॉट उष्णता निघते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. उष्णतेने धातू गंजतो, रोध वाढतो, आणखी तापतं. असा लग पकडीने दाबून घट्ट करणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. चांगली वायर दिसेपर्यंत कापा आणि उष्णता सोसणारा स्टील किंवा निकेलचा मुलामा असलेला नवा लग क्रिम्प करा, म्हणजे खास पकडीने वायरवर दाबून बसवा. सोल्डर नको, ते वितळतं. वायर सिलिकॉनची किंवा फायबरग्लासच्या आवरणाची घ्या. घरातल्या वायरिंगची साधी पीव्हीसी वायर इथे टिकत नाही.

लग ठीक असतील तर एलिमेंटची एक वायर सोडवा आणि मल्टिमीटर दोन्ही टोकांना लावा. वायर न सोडवता मोजलं तर दुसऱ्या वाटेने आलेला आकडा फसवतो. अपेक्षित आकडा काढायला व्होल्टेजचा वर्ग करून वॉटने भागा: 230 व्होल्टवर 1000 वॉटला सुमारे 53 ओहम, 2000 वॉटला 26. थंड एलिमेंट याहून किंचित कमी दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली. एलिमेंट बदला, त्याला दुरुस्ती नाही.

ओव्हन लावताच किंवा तापू लागताच घरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर गोष्ट वेगळी. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती दमट हवेतलं पाणी ओढून घेते. मग वीज नळीतून ओव्हनच्या पत्र्यात झिरपते. दोन्ही वायर सोडवून टोक आणि पत्रा यांच्यामध्ये मोजा. मीटरने काही दाखवलं तर गळती नक्की. काही दाखवलं नाही तरी मात्र सुटका नाही, कारण मल्टिमीटर काही व्होल्टवरच मोजतो. खरी परीक्षा 500 व्होल्टच्या मेगरची, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणाऱ्या मीटरची. आरसीसीबी वगळून किंवा अर्थिंग काढून ओव्हन "चालू" करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

एलिमेंट निर्दोष निघाला तर थर्मोस्टॅटकडे, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या स्विचकडे, वळा. नॉब फिरवल्यावर थंड अवस्थेत त्याच्या संपर्कांमध्ये जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. त्याची बारीक तांब्याची नळी दुमडू नका. आतला द्रव गेला की थर्मोस्टॅट निकामी. थर्मल फ्यूज (ओव्हन फार तापला की वीज तोडणारा) उडालेला असेल तर त्याच तापमानाचा, तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा, तोही क्रिम्प करून, कारण सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडू शकतो. आणि तो उडाला का, हेही शोधा: बहुधा थर्मोस्टॅटचा संपर्क चिकटलेला असतो किंवा कूलिंग पंखा अडकलेला.

जुना एलिमेंट पुढून काढताना वायर हळूच बाहेर ओढून चिमट्याने पकडून ठेवा, नाहीतर ती मागच्या उष्णतारोधक लोकरीत गडप होते आणि अख्खा ओव्हन बाहेर काढावा लागतो.

सगळं जोडून झाल्यावर खिडकी उघडी ठेवून ओव्हन रिकामा तापवा. नव्या एलिमेंटवरच्या तेलकट थरामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडा धूर येतो, ते चालतं. प्लास्टिक जळल्याचा वास आला तर लगेच प्लग काढा: बहुधा एखादी वायर एलिमेंटला टेकलेली आहे.